लाल ठिपका नेमका कुठे असतो?

लालबागमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर नववी-दहावीच्या मुलांना शनी दाखवायचा होता. दुर्बिणीच्या नळीवर शोधक म्हणून लाल ठिपक्याचा दर्शक बसवलेला होता. ठिपका बरोबर शनीवर आणला, नेत्रिकेत डोकावलो, तर शनी नाहीच! रांगेतली मुले चुळबुळू लागली. चूक दर्शकाची की माझी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वर्गातही उपयोगी पडावे.

रात्री बेस्टच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत आतला दिवा आणि बाहेरचा रस्ता दोन्ही एकदम दिसतात. काच सपाट असल्याने दिवा काचेच्या जितका पुढे, तितकीच त्याची प्रतिमा मागे. आता काच किंचित अंतर्वक्र केली आणि तिच्या नाभीवर बारीक लाल एलईडी ठेवला, तर परावर्तित किरण समांतर होतात आणि ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो. तो काचेवर नसतो, आणि लेसरप्रमाणे लक्ष्यावरही पडत नाही. म्हणूनच तारा आणि ठिपका एकाच वेळी स्पष्ट दिसतात.

ही कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांची. पेटंट १९०० सालचे. हे नाव आपल्याला परके नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे कावसजी नायगमवाला यांनी पुढे पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची परावर्ती दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. बंदुकीवर बसणारा, विजेवर चालणारा लाल ठिपका मात्र स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ साली आणला.

दर्शक अचूक आहे का, हे कसे तपासावे? तो स्टँडवर घट्ट बसवा. ठिपका दूरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर आणा आणि दर्शकाला हात न लावता डोके हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. ठिपका काचेवर सरकताना दिसेल, पण कोपरा सोडता कामा नये. सोडला, तर एलईडी नाभीवर नाही; हा पराशयाचा दोष.

दर्शक निर्दोष असला तरी जवळच्या लक्ष्यावर चूक उरतेच. डोळा अक्षापासून १ सेंटिमीटर बाजूला गेला, की दृष्टिरेषाही स्वतःला समांतर राहून तितकीच सरकते. १० मीटरवर चूक १ सेंटिमीटर, १०० मीटरवरही तितकीच. पण कोनात मोजली तर पहिली सुमारे ३.४ कला, दुसरी ०.३४ कला, आणि ताऱ्यासाठी शून्य!

माझी चूक याच जातीची होती. दर्शक आणि दुर्बीण मी २० मीटरवरच्या चाळीच्या कठड्यावर जुळवली होती. दोन्हींच्या अक्षांत अंतर १० सेंटिमीटर. म्हणजे आकाशाकडे पाहताना चूक सुमारे १७ कला, चंद्राच्या त्रिज्येहून जास्त. नेत्रिकेतून दिसणारे क्षेत्र ३० कलांचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १५ कला. शनी जेमतेम कडेबाहेर राहिला होता! मग वरळीच्या बाजूच्या एका उंच इमारतीवरचा दिवा धरून जुळणी केली आणि शनी सापडला.

ठिपका लालच का? अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. ६४० च्या पुढच्या लाल प्रकाशाला जवळजवळ नाहीच. म्हणून मंद लाल ठिपक्याने सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. 'मंद' हा शब्द मात्र महत्त्वाचा. प्रखर ठिपका अंधुक ताऱ्याला झाकून टाकतो. तो जेमतेम दिसेल इतकाच ठेवावा.

रात्रदर्शी उपकरणांची गोष्ट उलटी. त्यांतल्या प्रकाशवर्धक नळीला लाल आणि अवरक्त किरण उत्तम 'दिसतात'. आपल्याला मंद वाटणारा ठिपका तिथे मोठा डाग होतो. म्हणून अशा दर्शकांत नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, अतिमंद पातळीही ठेवलेली असते.

शेवटी एक प्रयोग. १० मीटरवर मोजपट्टी लावा आणि ठिपका तिच्यावर किती मिलिमीटर झाकतो ते पाहा. तिथे १ कला म्हणजे २.९ मिलिमीटर. मुलांनीच ठिपक्याचा कोनीय व्यास काढावा. आणि हो, कोणत्याही दुर्बिणीतून वा शोधकातून सूर्याकडे कधीही पाहू नये.