हरसूलच्या वाटेवरचे दोन मुक्काम

उन्हाळ्यात नाशिकहून गिरणारे, वाघेरा घाट करत हरसूलकडे निघालं, की गाडीत तंबू टाकून डोंगरात राहायला निघालेली शहरी जोडपी भेटतात. उलट दिशेनं उतरणारी जोडपीही असतात. त्यांच्याकडे गाठोडी आणि हंडे. मुक्काम द्राक्षबागेलगत, प्लास्टिकच्या कागदाखाली.

हरसूल भागात पाऊस उदंड. पण काळा कातळ आणि तीव्र उतार. मुरण्याआधीच पाणी दमणगंगेच्या खोऱ्याकडे धावतं. भात, नागली, वरई निघाली की शेतात काम नाही. चैत्रात विहिरी तळ गाठतात. तंबूवाल्यांनी तिथं बादली मागावी, हे मला तरी पटत नाही.

द्राक्षाची मात्र वर्षातून दोनदा छाटणी. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. एप्रिलची खरड छाटणी पुढच्या हंगामाची काडी घडवण्यासाठी. दोन्ही वेळा हात हवेत, म्हणून गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो. मजुरी बरेचदा एकरावर, टोळीशी ठरते. मालक एकर मोजतो. टोळीतलं जोडपं उरलेले दिवस मोजतं, कारण मृगाच्या आधी घरच्या खाचरात भाताची रोपं टाकायची असतात. त्या आठवड्यात घाट चढणारी जोडपी तीच.