नंबर गावचा, डेटा तिकडचा

परदेशात गेल्यावर माणसाला फोनकडून दोन गोष्टी हव्या असतात. भारतातला नंबर चालू राहिला पाहिजे, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आणि रस्ता शोधायला, टॅक्सी बोलवायला, घरच्यांशी बोलायला स्वस्तात नेट मिळाले पाहिजे. पहिल्या गोष्टीला फारच थोडा खर्च येतो. दुसरीचा खर्च देश, मुक्काम आणि हातातला फोन यांवर ठरतो. खिसा रिकामा होतो तो बहुधा ही दोन्ही कामे एकाच सिमकडून करून घेण्याच्या हट्टामुळे.

सातारा-सांगलीतून बाहेर जाणारे सगळे एका साच्याचे नाहीत. तासगावकडचा द्राक्ष बागायतदार आठवडाभरासाठी नेदरलँड्सला बाजार पाहायला जातो. मिरजेतले जोडपे हजला जाते तेव्हा महिना-सव्वा महिना सौदीत राहते. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला विद्यार्थी दोन वर्षांसाठी जर्मनी गाठतो. कराडचे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत असतात, तर विट्याकडची मंडळी काशी-अयोध्या उरकून बसनेच पशुपतिनाथाला निघतात. यांपैकी कोणा दोघांना एकच सिम परवडेल असे नाही. तरीही ‘आमच्या पाहुण्यांनी हे घेतलं होतं’ एवढ्या आधारावर बरीचशी रिचार्ज होतात.

आपलेच सिम परदेशात वापरणे म्हणजे आंतरराष्ट्रीय रोमिंग. विमानतळावर फोन सुरू केला की तो तिथल्या कंपनीचा टॉवर शोधतो. त्या कंपनीचा भारतातल्या कंपनीशी करार असेल तर ती ग्राहकाची खात्री करून घेते आणि रेंज देते. नेटचा वापर मात्र सहसा तिथूनच बाहेर पडत नाही. तो आधी भारतातल्या कंपनीकडे येतो आणि मग इंटरनेटवर जातो. या द्राविडी प्राणायामाचा एक फायदाही आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे आणि संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर या दोन्ही अडचणी सहसा येत नाहीत. दुबईतले सिम घेतले तर तिथे परवानगी असलेले बोटिमसारखे ॲप वापरावे लागते, आणि तेच ॲप साताऱ्यातल्या आईच्या फोनमध्येही असावे लागते. ते घालून देणारा माणूस विमानात बसण्याआधी शोधलेला बरा.

रोमिंगमध्ये हात पोळतो तो पॅक न घेता डेटा वापरल्याने. समजा, पॅकशिवाय एका एमबीला ५ रुपये पडतात. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलला सहज १५० एमबी लागतात, म्हणजे ७५० रुपये, आणि तेही ‘जरा घर दाखव’ एवढ्यासाठी. शिवाय फोन खिशात असतानाही फोटो वर चढवतो, ॲप अद्ययावत करतो. पॅक नसेल तर भारतीय सिमचे ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवणे हा बचतीचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

एअरटेल, जिओ आणि व्ही या तिन्ही कंपन्या वेगवेगळ्या मुदतीचे रोमिंग पॅक विकतात. किमती वरचेवर बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या सहलीतला आकडा कामाचा नसतो. शिवाय किमतीआधी अटी वाचायच्या असतात. पॅक एका देशाचा आहे की अनेक देशांचा? युरोपला जाताना दुबईत किंवा दोहात चार तास थांबावे लागले तर तो देश यादीत आहे का? पॅकचा दिवस फोन तिकडच्या नेटवर्कला जोडल्यापासून मोजतात की रिचार्ज केल्यापासून? ‘अमर्याद’ म्हणजे रोज ठरावीक डेटानंतर वेग रांगण्याइतका तर होत नाही ना? बाहेर जाणारे कॉल त्या देशात आणि भारतातच धरलेले असतात; पॅरिसमधून लंडनला केलेला फोन वेगळ्या दराने पडू शकतो. विमानातले आणि क्रूझवरचे नेटवर्क उपग्रहावरून चालते, ते साध्या रोमिंग पॅकमध्ये नसते आणि फार महाग असते. जहाजावर चढताना फोन फ्लाइट मोडवर टाकावा. चार-पाच दिवसांच्या सहलीला रोमिंग पॅक थोडा महाग पडला तरी घ्यावा. विमानतळावर रांगेत उभे राहून सिम घेण्याचा वेळ वाचतो, आणि बरोबरच्या ज्येष्ठांना नवा नंबर पाठ करावा लागत नाही.

मुक्काम आठवड्यापुढे गेला की हिशेब उलटतो आणि तिथले प्रीपेड सिम बहुतेक ठिकाणी स्वस्त ठरते. युरोपात तर फारच. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचे सिम संघातल्या इतर देशांत फिरताना जादा पैसे न घेता चालते. ॲमस्टरडॅमला घेतलेल्या सिमवर बागायतदाराला जर्मनी आणि फ्रान्सही करता येतात, फक्त परक्या देशातल्या डेटाला काही मर्यादा असू शकते. इथे फसगत होते ती स्वित्झर्लंडची. आपल्याकडच्या युरोप सहलीत हा देश हटकून असतो, पण तो संघात नाही. ब्रिटनही आता नाही. त्यामुळे सिम घेताना या दोन देशांचे नाव काढून विचारावे. जर्मनीत सिम सुरू करायला पारपत्र दाखवून ओळख पटवावी लागते. ब्रिटनमध्ये साधे प्रीपेड सिम ओळखपत्राशिवायही मिळते. थायलंड, सिंगापूर, सौदी इथे विमानतळावरच प्रवाशांची सिमे विकतात. सोय चांगली, दर मात्र शहरातल्या दुकानापेक्षा बरेचदा चढे.

अमेरिकेतले सहा महिने हा वेगळाच प्रकार आहे. तिथे तीन मोठ्या कंपन्या आहेत, शिवाय त्यांचेच टॉवर भाड्याने घेऊन स्वस्तात सेवा देणाऱ्या मिंट मोबाइल, लायकामोबाइल अशा छोट्या कंपन्या आहेत. मिंटमध्ये तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले की दर खाली येतो. मुलाचा किंवा लेकीचा कुटुंबाचा प्लॅन असेल तर त्यात आईवडिलांसाठी एक लाइन वाढवणे अनेकदा सर्वांत सोपे असते. निवडताना भारतात थेट फोन करायची मिनिटे आहेत का हे मात्र पाहावे. कारण कॉलला दोन टोके असतात. पाटण-कोयनेच्या खोऱ्यात किंवा जत-आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर नेट असतेच असे नाही. न्यू जर्सीत फाइव्ह-जी असून काय उपयोग, जर पलीकडे आजी व्हॉट्सॲप कॉलसाठी गच्चीच्या एका कोपऱ्यात उभी असेल? अशा घरांसाठी साधा आवाजी फोनच खरा.

नेपाळला जाताना वेगळीच गंमत होते. सोनौलीसारख्या सीमेवरच्या गावात फोन कधी इकडचा, कधी तिकडचा टॉवर पकडतो. माणूस अजून भारतात चहा पीत असतो आणि रोमिंग सुरू झालेले असते. सीमेजवळ नेटवर्क हाताने निवडून ठेवावे.  

गेल्या काही वर्षांत ई-सिम आले आहे. प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी सिमची माहिती फोनमध्येच उतरते, बहुतेक वेळा क्यूआर कोड स्कॅन करून. फोन ई-सिम घेतो की नाही हे पाहायला स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करावे. आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांब आकडा दिसला तर घेतो. आपल्याकडच्या स्वस्त फोनांत ही सोय बहुधा नसते. पण दोन सिमांची जागा असते आणि तेवढ्यावर काम भागते. परदेशी ई-सिम भारतात बसून विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याने जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन लोकप्रिय ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढायला लावली गेली. त्यामुळे विक्रेत्याकडे ही परवानगी आहे का, हे विचारणे म्हणजे उगाच चौकशी नव्हे.

फोन निवडतानाही सावध राहावे लागते. घरातला बटणाचा टूजी फोन ‘फक्त बोलायला’ म्हणून बॅगेत टाकला जातो. सिंगापूरने टूजी २०१७ मध्येच बंद केले. जपानमध्ये आपल्यासारखे टूजी कधी नव्हतेच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये गुंडाळले. ऑस्ट्रेलियात तर फोरजीवरून आणीबाणीचा कॉल न लावू शकणारा फोन कंपन्यांना नेटवर्कवरून काढावा लागतो. मुलाने अमेरिकेतून पाठवलेला आयफोन असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. तो तिथल्या कंपनीला बांधलेला म्हणजे ‘लॉक’ नाही ना. आणि तो अमेरिकेतला आयफोन १४ किंवा त्यानंतरचा असेल तर त्यात सिमची खाचच नसते, काठमांडूच्या दुकानातले प्लास्टिकचे सिम त्यात बसणार नाही.

आता गावच्या नंबराकडे. परदेशी सिम घेतले तरी भारतीय सिम दुसऱ्या खाचेत तसेच राहू द्यावे, त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवावे आणि निघण्यापूर्वी रोमिंगची सुविधा मागून सुरू करून घ्यावी. येणारा एसएमएस बहुतेक ठिकाणी फुकट असतो, म्हणजे ओटीपी मिळतो. काही योजनांत त्यासाठी छोटे रिचार्ज लागते. येणारा कॉल उचलला मात्र पैसे पडतात. म्हणून घरच्यांना, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही, त्या नंबरवर फोन करू नका असे सांगून ठेवावे. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालते. नवे सिम घातल्यावर ‘नंबर बदलायचा का’ असे विचारले गेले तर नाही म्हणावे.

लांब मुक्कामात नंबरच हातचा जाऊ शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या नियमाने ९० दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद करता येतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून नंबर पुढे टिकवतात. पण वैधता संपली की एसएमएस थांबू शकतात, आणि मग टिकलेला नंबर असून नसल्यासारखा. यावर चांगला उपाय २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनेच दिला. डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, आणि अशा खास रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असा हा नियम आहे. सहा महिने अमेरिकेत राहणाऱ्याला भारतातला डेटा लागतोच कुठे? दुकानदार मात्र हा पॅक आपणहून पुढे करील असे नाही.

सिम परदेशात हरवले तर प्रश्न अवघड होतो. दुसरे सिम मिळवायला ग्राहकाला सहसा स्वतः दुकानात जाऊन ओळख पटवावी लागते, आणि ते साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर होते, फ्रँकफर्टमध्ये नाही. शिवाय दुसरे सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने तसा नियम केला आहे. जुने सिम खराब झाले असेल किंवा ई-सिम करून घ्यायचे असेल तर ते काम विमानाच्या आदल्या दिवशी काढू नये. आठवडाभर आधी उरकावे, आणि एखादा ओटीपी खरोखर येतो का हे घरीच पाहून घ्यावे.