खाडीतले रोहित कधी बघावेत?

दिवाळी झाली की आपल्या ठाण्याच्या खाडीत गुजरातहून, कच्छकडून रोहित पक्षी येऊ लागतात. त्यांनाच अग्निपंख असेही म्हणतात. खूप बघायचे तर जानेवारी ते एप्रिल हे महिने बरे. पाऊस लागला की बहुतेक परत जातात. तिकडे रणात चिखलाचा छोटा बुरूज करून त्यावर अंडे घालतात.

रोहित चोच उलटी धरून पाण्यातले बारीक शेवाळ गाळून खातात. पिसांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो. पिल्ले मात्र करडी असतात, त्यांना बगळे समजू नका हं!

आता वेळ. ओहोटीला ते लांब चिखलात जातात, नुसते ठिपके दिसतात. भरतीचे पाणी चढले की काठाकडे सरकतात. भरतीची वेळ कोळी लोक तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. खाडीत आतवर थोडा उशीर होतो. ठाण्याहून वाशीच्या गाडीने ऐरोलीला उतरावे, पण भरतीच्या तास-दोन तास आधी पोचावे.

ही खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे. तरीही २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले. रात्रीसुद्धा त्यांचे थवे उडतात, हे पुष्कळांना माहीतच नसते.

पौर्णिमेच्या भरतीची वेळ किती? कालनिर्णय न बघता काढा!