पाळण्यातले पाय

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपल्याकडे मोठ्या विश्वासाने म्हटले जाते. पाळण्यात नेमके काय दिसले होते, हे मात्र ते बाळ मोठे होऊन नाव कमावल्यानंतरच सांगितले जाते. ज्यांनी नाव कमावले नाही त्यांच्या पाळण्याची आठवण कोणी काढीत नाही. या म्हणीवर एखादा अवाढव्य व्यवहार उभा राहिलेला पाहावयाचा असेल, तर अमेरिका व कॅनडा येथील बर्फावरच्या हॉकीकडे वळावे. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये दरवर्षी अठरा वर्षांच्या पोरांचे पाय भर सभेत तपासले जातात आणि त्यांचे भवितव्य क्रमांक लावून जाहीर केले जाते.

या सभेस तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. गतमोसमात ज्या संघाची कामगिरी वाईट, त्यास निवडीचा मान आधी, असा हा न्याय आहे. मात्र कोणी मुद्दाम हरून पहिला क्रमांक पटकावू नये म्हणून अग्रभागीच्या जागांसाठी सोडतही काढली जाते. सात फेऱ्यांत दोनशेहून अधिक मुले निवडली जातात. निवडलेल्या मुलाच्या इच्छेला यात फारसे स्थान नसते. ज्या संघाने नाव पुकारले त्या संघाचा त्याच्यावर हक्क. नाव पुकारले जाताच त्या शहरातील हॉकीवेड्यांमध्ये वादाला तोंड फुटते आणि ते वर्षानुवर्षे मिटत नाही.

२१ जून २०१९ रोजी व्हँकुव्हर येथे भरलेल्या सभेतला प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. डेट्रॉईट रेड विंग्ज या संघाने सहाव्या क्रमांकावर मोरिट्झ झायडर या जर्मन तरुणाचे नाव पुकारले. झायडर हा बचावपटू. नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेला, सहा फूट चार इंच उंचीचा, मानहाइमच्या संघातून प्रौढ खेळाडूंबरोबर खेळून त्याच वर्षी जर्मन अजिंक्यपद मिळवलेला. तथापि बहुतेक जाणकारांच्या याद्यांत त्याचे नाव बरेच खाली होते. इतरांचे सोडा, खुद्द झायडरच आपले नाव ऐकून थक्क झाला. त्याचा तो विस्फारलेला चेहरा दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने टिपला आणि जगभर दाखवला.

डेट्रॉईटकरांची अस्वस्थता समजून घेतली पाहिजे. १९९१ ते २०१६ अशी सलग पंचवीस वर्षे बाद फेरी गाठणारा हा संघ, त्यानंतर घसरत घसरत २०१८-१९ च्या मोसमात एकतीस संघांत शेवटून चौथा आला होता. त्यातही सोडतीने दगा दिल्याने निवडीचा क्रमांक सहावर गेला. भुकेल्या माणसाला ताटात पक्वान्न दिसावे तसे या रसिकांना गोल करणारे आघाडीचे खेळाडू दिसत होते. डिलन कझन्स, ट्रेव्हर झेग्रस, कोल कॉफील्ड ही नावे त्या क्षणी अद्याप शिल्लक होती. ती सोडून एक बचावपटू, आणि तोही हॉकीसाठी फारशा न गाजलेल्या देशातला? पुष्कळांनी ही निवड घाईची ठरवली. तो मुलगा आणखी काही क्रमांकांनंतरही मिळाला असता, असा हिशेब काहींनी मांडला. दुसऱ्या बाजूने उत्तर येई की, उजव्या हाताने फटका मारणारे उंचपुरे आणि चपळ बचावपटू दुर्मीळ असतात. शिवाय निवड करणारा स्टीव्ह आयझरमन हा या संघाचा जुना कर्णधार. त्याने खेळाडू म्हणून तीन वेळा स्टॅन्ली चषक जिंकून दिला आहे, तेव्हा त्याच्या नजरेवर विश्वास ठेवावा. श्रद्धा आणि शंका यांचा हा सामना पुढे बराच काळ चालला.

आमच्या मते या वादाचे मूळ बचावपटूच्या कामातच आहे. आघाडीच्या खेळाडूचे गुण मोजता येतात; त्याने केलेले गोल फलकावर लागतात. बचावपटूचे यश म्हणजे जे घडले नाही ते. प्रतिस्पर्धी वळला, त्याला वाट सापडली नाही, चकती कोपऱ्यात अडकून पडली. प्रेक्षकाने तेवढ्यात दुसरीकडे पाहिले तर त्याला यातले काहीच उमगत नाही. आघाडीच्या खेळाडूची चूक दहा पावलांवर विरून जाते. बचावपटूच्या चुकीमागे मात्र एकटा गोलरक्षक उरतो, म्हणून ती सर्वांच्या डोळ्यांत भरते. त्यातच उलट्या दिशेने घसरत जाताना समोरच्याचा मनसुबा ओळखणे, तिशीतल्या दणकट गड्यांशी खांद्याला खांदा भिडवणे, ही कामे अंगात मुरावी लागतात. अठराव्या वर्षी ती कोणात किती मुरतील, हे सांगणे जोतिषालाच शक्य.

इतिहासही हेच सांगतो. निक्लास लिडस्ट्रॉम या स्वीडिश बचावपटूला याच डेट्रॉईटने १९८९ साली त्रेपन्नाव्या क्रमांकावर निवडले. त्याला लगेच अमेरिकेस न आणता आणखी दोन वर्षे स्वदेशीच खेळू दिले. १९९१ मध्ये आलेला हा खेळाडू वीस मोसम खेळला. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस चषक त्याने सात वेळा मिळवला आणि चार वेळा स्टॅन्ली चषक उंचावला. झ्देनो चारा हा सहा फूट नऊ इंचांचा स्लोव्हाक खेळाडू १९९६ मध्ये छप्पन्नाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलँडर्सच्या वाट्याला आला. त्या संघाला धीर निघाला नाही. २००१ साली एका नामवंत आघाडीवीराच्या मोबदल्यात त्यांनी त्याला देऊन टाकले. पुढे चाराने २००९ मध्ये नॉरिस चषक मिळवला आणि २०११ मध्ये कर्णधार या नात्याने बोस्टनला अजिंक्य केले. याउलट एरिक जॉन्सन हा बचावपटू २००६ साली सर्वप्रथम निवडला गेला. दोनच वर्षांनी गोल्फच्या मैदानावरील गाडीच्या अपघातात गुडघा दुखावून त्याचा संपूर्ण मोसम वाया गेला आणि ‘पहिला क्रमांक फुकट गेला’ ही ओरड त्याच्या पाठीस लागली. तोच जॉन्सन पुढे हजारांवर सामने खेळला आणि २०२२ मध्ये कोलोराडोसह स्टॅन्ली चषकाचा मानकरी झाला. म्हणजे पहिला क्रमांक जसा यशाची हमी नव्हे, तसा रसिकांनी दिलेला अपयशाचा निकालही अखेरचा नव्हे.

झायडरच्या बाबतीत डेट्रॉईटने लिडस्ट्रॉमचाच धडा गिरवला. पहिले वर्ष त्याला ग्रँड रॅपिड्स येथील दुय्यम संघात ठेवले आणि दुसरे वर्ष स्वीडनमध्ये खेळू दिले. तो मुख्य संघात उतरला तो २०२१ मध्ये. त्या पहिल्याच मोसमात ७ गोल व ४३ साहाय्ये अशी कामगिरी करून त्याने सर्वोत्कृष्ट नवोदिताचा काल्डर चषक पटकावला. पहिल्या चार मोसमांत त्याने एकही सामना चुकवला नाही. २०२४ साली संघाने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. एवढे होऊनही वाद थांबला नाही, हे विशेष! दुसऱ्या व तिसऱ्या मोसमात त्याच्या नावावर पहिल्या वर्षापेक्षा कमी गुण लागले, तेव्हा पुन्हा शंका निघाल्या. प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत तिखट आघाडीसमोर त्यालाच उभे केले जात होते, ही गोष्ट गुणफलकावर लिहिलेली नसते.

या एका यशावरून प्रत्येक अनपेक्षित निवड शहाणपणाचीच असते, असे आम्ही म्हणणार नाही. झायडर आला म्हणून डेट्रॉईटचे दिवस पालटले असेही नाही. २०२४-२५ च्या मोसमापर्यंत त्या संघाला बाद फेरी पुन्हा गाठता आली नव्हती. रसिकांच्या वादालाही आमचा आक्षेप नाही. तिकीट काढून कडाक्याच्या थंडीत बसणाऱ्याला मत असणारच, आणि मत नसलेला प्रेक्षक कोणत्याही खेळाला शोभत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, निवड हे निम्मेच काम. उरलेले निम्मे राखणीचे. माडाचे रोप लावणारा बागायतदार दुसऱ्याच पावसाळ्यात शेंड्याकडे पाहून नारळ मोजीत नाही. तो आळे करतो, खत घालतो, उंदीर-भुंग्यांपासून रोप जपतो आणि वर्षे मोजतो.

ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा आपल्याकडील फुटबॉलपटूंचीही अशीच पाळीपाळीने निवड झाली होती, आणि फातोर्ड्याच्या पायऱ्यांवर बसून कोवळ्या बचावपटूला पहिल्याच चुकीसाठी निकालात काढण्यात आम्ही गोमंतकीयही मागे नाही. मैदान तर दूरच, बारावीचा निकाल लागला की घरोघर हेच चालते. अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती एक कागद येतो, शेजारीपाजारी त्यावरचा आकडा विचारतात, आणि त्या आकड्यावरून त्याची उंची ठरते. ज्याचा आकडा मोठा त्याने आता चुकता कामा नये, आणि ज्याचा लहान त्याने आशा धरता कामा नये, असा या न्यायाचा अर्थ होतो. व्हँकुव्हरच्या त्या सभागृहात झायडरचा थक्क झालेला चेहरा पाहून अनेकजण हसले. आपल्याविषयी इतरांनी काय ठरवले आहे हे प्रथमच कळलेल्या अठरा वर्षांच्या मुलाचा तो चेहरा होता. असा चेहरा आपल्याही घरात केव्हा ना केव्हा दिसतोच. त्या वेळी निकाल सांगण्याची घाई न करता त्याला दोन वर्षांची सवड द्यावी. पाय पाळण्यात दिसोत वा न दिसोत, चालायला शिकण्यास वेळ लागतोच.