पंपाच्या पोटातले चार दट्टे

पेट्रोल पंपावर गाडी उभी राहिली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "झीरो बघून घ्या!" आपण बघतो. खरंच शून्य असतं. मग नोझल टाकीत जातं, खटका दाबला जातो आणि आकडे पळू लागतात. वर रुपये, खाली लिटर. बाबा म्हणतात, "दोन लिटर," आणि बरोबर दोनवर आकडे थांबतात.

आता जरा थांबून विचार करा. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून येतं, मशीनच्या पेटीतून जातं, काळ्या नळीतून वाहतं आणि गाडीच्या टाकीत पडतं. या सगळ्या प्रवासात ते एकदाही कुणाच्या नजरेला पडत नाही. मग दोन लिटर झालं, हे कळलं कुणाला?

किती सेकंद पेट्रोल वाहिलं यावरून हिशोब होत असेल? नाही. नोझलचा खटका कुणी अलगद दाबतं, कुणी घट्ट. पेट्रोल कधी सावकाश येतं, कधी भसाभस. तरी आकडा चुकत नाही. वजन करत असतील? तेही नाही, तिथे काटा कुठेच नसतो. खरं उत्तर मला फार आवडतं. त्या पेटीच्या आत कुणीतरी सतत माप भरतंय, रिकामं करतंय आणि किती वेळा केलं ते मोजतंय. हे 'कुणीतरी' म्हणजे पिस्टन मीटर.

पंपावरच्या मीटरचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर कुणी दाखवणार नाही, ते का ते पुढे येईलच. पण तुम्ही भिवंडीचे असाल तर अर्धं मीटर तुम्ही आधीच पाहिलेलं आहे. कुठे? यंत्रमागाच्या कारखान्यात! गल्लीतून जाताना खटॅक-खटॅक आवाज येतो, तिथे दारातून डोकावून बघा. मोटर गोल फिरते. तिच्यामुळे मागाची एक वाकडी दांडी फिरते, तिला क्रँक म्हणतात. आणि त्या गोल फिरण्याचं होतं काय? फणी बसवलेला लाकडी दांडा पुढे-मागे, पुढे-मागे होऊ लागतो आणि प्रत्येक धाग्याला ठोकून कापडात बसवतो. गोल फिरण्यातून पुढे-मागे!

पिस्टन मीटरमध्ये हेच काम उलट चालतं. तिथे पुढे-मागे होतात दट्टे आणि गोल फिरतो क्रँक. मोटर नसतेच. दट्ट्यांना ढकलतं खुद्द पेट्रोल.

आत कसं असतं ते नीट बघू. मधोमध क्रँक. त्याच्या चार बाजूंना चार नळकांडी, म्हणजे सिलिंडर. प्रत्येकात एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन. समोरासमोरचे दोन दट्टे एकमेकांना जोडलेले. पंपाने जोर लावून पाठवलेलं पेट्रोल एका सिलिंडरमध्ये शिरतं आणि दट्ट्याला ढकलतं. तो सरकला की त्याला जोडलेला समोरचा दट्ट्याही सरकतो आणि आपल्या सिलिंडरमध्ये आधी भरलेलं पेट्रोल बाहेर काढतो. ते नळीकडे जातं. एक भरतंय, एक रिकामं होतंय. मग पाळी बदलते.

पण पाळी बदलली हे पेट्रोलला कोण सांगतं? इथे मागाची आणखी एक गोष्ट आठवा. आडवा धागा नेणारा धोटा नेमका कधी फेकायचा, हे मागातली दुसरी दांडी ठरवते आणि ती क्रँकला दातेरी चाकांनी जोडलेली असते, म्हणून वेळ चुकत नाही. मीटरमध्येही क्रँकबरोबर एक झडप फिरते. ज्या सिलिंडरची भरायची पाळी, त्याचं दार ती पेट्रोल येण्याच्या बाजूला उघडते. ज्याची रिकामं व्हायची पाळी, त्याचं दार नळीच्या बाजूला. थोडक्यात, पेट्रोल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या क्रँक फिरवतो, क्रँक झडप फिरवतो आणि झडप पुढच्या पेट्रोलला वाट करून देते. बाहेरून कुणाची मदत नाही.

चारच का? एका दट्ट्यावर भागलं नसतं? दट्ट्या टोकाला पोचला की उलट फिरण्याआधी क्षणभर थांबतो. त्या क्षणी क्रँकला ढकलणारं कुणी नसतं, आणि मीटर तिथेच अडकून बसलं असतं. म्हणून दुसरी जोडी पहिलीच्या काटकोनात बसवलेली असते. पहिली जोडी टोकाला थांबते, तेव्हा दुसरी बरोबर मध्यावर, भर वेगात असते. ती क्रँकला पुढे नेते. त्यामुळे नळीतली धार तुटत नाही.

आता हिशोब करा, सोपा आहे. पंपांवरच्या पुष्कळ मीटरमध्ये क्रँकच्या एका फेरीत अर्धा लिटर पेट्रोल पुढे जातं. म्हणजे प्रत्येक सिलिंडर फेरीला १२५ मिलिलिटर देतो. बाबांच्या स्कूटरमध्ये दोन लिटर भरलं, तर आत क्रँक किती वेळा फिरला? फक्त चार वेळा! आणि मानकोलीच्या गोदामातून माल भरून नाशिककडे निघालेल्या ट्रकने ३०० लिटर डिझेल घेतलं तर? ६०० वेळा. पेट्रोल जोरात सोडा की हळू, फेरीमागे अर्धा लिटर म्हणजे अर्धा लिटरच. वेगाशी मीटरला देणंघेणं नाही, म्हणून खटका कसाही दाबला तरी चालतं.

घरी करून बघायचंय? औषधाच्या दुकानातून १० मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज आणा. सुई नको, दुकानदाराला तसं सांगा. वापरलेली सिरिंज मात्र कुठेही सापडली तरी हात लावायचा नाही. माशांच्या टाकीला लावतात तसली बारीक नळीही लागेल. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या पूर्ण आत ढकलून ठेवा. पहिलीत पाणी भरा, नळीतही पाणी भरून घ्या आणि नळीने दोघींना जोडा. आता पहिली दाबा. ती झाली पंप. दुसरीचा दट्ट्या आपोआप बाहेर सरकू लागेल. ते झालं मीटर. पहिलीतून ६ गेले, तर दुसरीवर ६ दिसतील. हळू दाबा, पटकन दाबा, आकडा तोच.

आता खरी गंमत. पहिल्या सिरिंजमध्ये अर्धं पाणी आणि अर्धी हवा घ्या आणि पुन्हा दाबा. दुसरीचा दट्ट्या तरीही सरकतो! पाणी संपलं, हवा येऊ लागली, तरी तो सरकतच राहतो. पाणी कोणतं आणि हवा कोणती, हे दट्ट्याला कळत नाही. त्याला फक्त जागा भरल्याचं कळतं. पेट्रोलबरोबर हवेचे बुडबुडे मीटरमध्ये शिरले, तर आपण हवेचे पैसे देऊ. म्हणून अशा यंत्रांत मीटरच्या आधी बुडबुडे वेगळे काढण्याची सोय असते.

मीटरला आणखी एक गोष्ट कळत नाही. पेट्रोल गरम झालं की फुगतं. तापमान एका अंशाने वाढलं तर हजार मिलिलिटरचं साधारण एक मिलिलिटर जास्त होतं. म्हणून काही मोठी माणसं सांगतात, "पहाटे पेट्रोल भरावं, थंड असतं, जास्त मिळतं." ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं. पण टाकी असते जमिनीच्या पोटात. भिवंडीतला मे महिन्याचा रस्ता दुपारी कितीही तापला, तरी ती ऊब मातीतून खाली इतक्या लवकर पोचत नाही. सकाळी आणि दुपारी टाकीतलं पेट्रोल जवळजवळ सारख्याच तापमानाचं असतं. पहाटे उठा, पण अभ्यासाला!

ही कल्पना आली कुठून? स्कॉटलंडमधल्या किलमार्नॉक गावात थॉमस केनेडी नावाचा कारागीर होता. त्याने १८५२ साली पाणी मोजायच्या पिस्टन मीटरचं पेटंट घेतलं. त्यात एकच दट्ट्या वर-खाली व्हायचा. मग तो टोकाला अडकायचा नाही? केनेडीने युक्ती केली होती. दट्ट्या टोकाला पोचला की एक वजन कलंडून पडायचं आणि त्याच्या धक्क्याने पाण्याची तोटी उलट बाजूला वळायची.

आणि इंधनाचा पंप? अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावात १८८५ साली सिल्व्हेनस बाउझर याने एका वाणसामानाच्या दुकानासाठी पंप बनवला, तो रॉकेलसाठी. त्या दुकानात रॉकेलचं पिंप लोण्याच्या पिंपाशेजारी होतं आणि लोण्याला रॉकेलची चव लागली म्हणून गिऱ्हाईक भांडायला आलं, असं सांगतात. बाउझरच्या पंपात लाकडाचा दट्ट्या आणि संगमरवराच्या झडपा होत्या. रस्त्यांवर मोटारगाड्या दिसू लागल्या, त्याच्या आधीची ही गोष्ट.

पुन्हा आपल्या पंपावर येऊ. चार फेऱ्या झाल्या, हे वरच्या पडद्याला कसं कळतं? जुन्या मशीनमध्ये क्रँकची दांडी दातेरी चाकांमधून थेट आकड्यांच्या चकत्या फिरवायची. आकडे कुरकुरत वर सरकायचे. आता क्रँकच्या दांडीवर एक छोटी डबी बसवतात, तिला पल्सर म्हणतात. दांडी जरा फिरली की पल्सर विजेचा एक टिचका पाठवतो. लिटरला १०० टिचके असतील, तर एक टिचका म्हणजे १० मिलिलिटर. पडद्यामागचा छोटा संगणक टिचके मोजतो आणि लिटर, रुपये दाखवतो.

लबाडी करणाऱ्यांनी नेमकी हीच जागा हेरली. दट्ट्यांना फसवणं कठीण, पण निरोप नेणाऱ्याला फितवता येतं. २०१७ साली उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने लखनौमधल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनमध्ये लपवलेल्या चिप सापडल्या. पेट्रोल कमी गेलं तरी जास्त दाखवायचं, हे त्यांचं काम. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंप तपासले आणि पल्सरमध्ये फेरफार केल्याचे गुन्हे उघड केले. भिवंडी शहर ठाणे पोलिसांच्याच हद्दीत येतं. मला या प्रकाराचा फार राग येतो. चार दट्टे इमानाने मोजत असताना त्यांचा निरोप वाटेत बदलायचा, आणि रोज शंभर-शंभर रुपयांचं पेट्रोल भरणाऱ्या रिक्षावाल्याच्या खिशातून थेंब-थेंब काढून घ्यायचे!

म्हणूनच झाकण कुणी उघडत नाही. मीटरवर एक समायोजनाची चकती असते. ती फिरवली की दट्ट्याची धाव किंचित कमी-जास्त होते आणि फेरीमागचं माप बदलतं. मीटर बरोबर लावायला ती हवीच, पण कुणीही फिरवली तर घोटाळा. त्यामुळे सरकारच्या वैधमापन शास्त्र विभागाचे निरीक्षक दरवर्षी येतात, मीटर तपासतात आणि चकतीला तार ओवून तिच्यावर शिशाचं सील ठोकतात. तार तुटलेली दिसली की समजायचं, कुणीतरी हात घातलाय.

तपासतात कसं? पाच लिटरच्या प्रमाणित मापाने. हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि कुठलाही ग्राहक ते मागू शकतो. तुमच्या आईबाबांनाही हा हक्क आहे. मशीनवर पाच लिटर दाखवेपर्यंत त्यात पेट्रोल भरायचं आणि खूण बघायची. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त नाही.

या मापाचा आकार बघण्यासारखा आहे. पोट मोठं, पण मान अगदी बारीक. का बरं? समजा, मानेचा आडवा छेद १० चौरस सेंटिमीटर आहे. २५ मिलिलिटर कमी पडलं तर तिथे पातळी किती खाली दिसेल? भागाकार करा. अडीच सेंटिमीटर! लांबूनही दिसेल. तेच पेट्रोल ५०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या बादलीत घेतलं असतं, तर फरक अर्धा मिलिमीटर. कुणाला दिसणार? माप भरायच्या आधी ते एकदा पेट्रोलने ओलं करून निथळून घेतात, कारण कोरड्या पत्र्याला थोडं पेट्रोल चिकटून राहतं आणि नंतर ओतलं तरी बाहेर येत नाही.

आता एक प्रश्न. मीटर जुनं झालं, दट्ट्यांच्या कडा झिजल्या. आता थोडं पेट्रोल दट्ट्याला न ढकलताच फटीतून निसटतं. नुकसान कुणाचं? पटकन उत्तर येतं, आपलं! पण नीट बघा. निसटलेलं पेट्रोल जातं कुठे? नळीतून गाडीच्या टाकीत. दट्टे मात्र सरकले नाहीत, म्हणून ते मोजलं गेलं नाही. गाडीवाल्याला फुकट मिळालं, नुकसान झालं पंपवाल्याचं! त्यामुळे प्रामाणिक पंपवाल्यालाही आपलं मीटर तपासायची तितकीच घाई असते. सकाळी पंप सुरू करताना कर्मचारी पाच लिटरचं माप भरताना दिसतात, ते यासाठीच. तपासून झालं की ते पेट्रोल परत जमिनीखालच्या टाकीत ओततात. मीटरच्या एकूण आकड्यात मात्र ते पाच लिटर धरलेले असतात, म्हणून पंपाच्या वहीत 'टेस्टिंग' असं लिहून त्यांची वेगळी नोंद ठेवतात.