काम मागण्याचा हक्क

दुष्काळात गावात काम मिळेनासे झाले की मजुराने काय करायचे? महाराष्ट्राने त्याचे उत्तर कायद्यात लिहिले.

■ बीज : १९६५, विसापूर (जि. सांगली). विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग.

■ कसोटी : १९७२चा दुष्काळ. रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्तीच्या कामांवर लाखो मजूर.

■ कायदा : रोजगार हमी अधिनियम, १९७७, अंमल २६ जानेवारी १९७९पासून.

■ हमी : मागणीनंतर १५ दिवसांत अंगमेहनतीचे काम, नाहीतर बेकारी भत्ता.

■ पैसा : प्रामुख्याने शहरी नोकरदार-व्यावसायिकांकडून येणारा व्यवसाय कर आणि सरकारचा वाटा.

■ वारसा : २००५चा राष्ट्रीय कायदा, त्यात ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी होती.

काम मागणे म्हणजे याचना नव्हे, हे महाराष्ट्राच्या कायद्याने मान्य केले. तीच त्याची खरी थोरवी.