घरावरचा दुसरा बोजा
लेखमाला : कर्ज, घर आणि कायदा – भाग ६

मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात एकाच घरावर दोन कर्जं चढतात ती बहुधा एकाच वाटेने. पहिलं बँकेचं, पक्कं घर बांधायला. चार-पाच वर्षांनी मुलीचं लग्न निघतं, नाहीतर नागपूरच्या दवाखान्याचं बिल येतं, आणि जवळची पतसंस्था त्याच घरावर दुसरं कर्ज देते. बँकेचं ना हरकत पत्र, नोंदणीकृत गहाणखत आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आणखी एक बोजा.

पुढे धानाचे चुकारे लांबतात. घरात ठरतं, बँकेचा हप्ता भरू, पतसंस्थेचा राहू दे. बँकेचा बोजा पहिला, घर नेलं तर तीच नेईल, अशी समजूत असते. या समजुतीपायी घर जाऊ शकतं, म्हणून आजचा भाग तिच्यासाठीच.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४८ प्रमाणे आधीच्या गहाणाचा हक्क आधी. पण हा क्रम पैसे वाटण्याचा आहे. वसुली कोणी सुरू करायची, हे त्यावरून ठरत नाही. बँकेचा एकही हप्ता थकलेला नसताना दुसरा धनको स्वतःच्या थकबाकीसाठी घर विक्रीला काढू शकतो.

हिशेब मांडून पाहू. घराची किंमत १२ लाख, बँकेचे ७ लाख बाकी, पतसंस्थेचे २ लाख. पतसंस्थेने लिलाव केला तरी बँकेचा बोजा घरावर तसाच राहतो. बोली लावणारा ७ लाख मनातल्या मनात आधीच वजा करतो, वर कटकटीचे म्हणून आणखी काही. तो ३ लाखांवर थांबला, तर पतसंस्थेचे २ लाख आणि खर्च वळते होऊन मालकाच्या हाती लाखभरही उरत नाही. तेच घर त्याने स्वतः गिऱ्हाईक शोधून १२ लाखांना विकलं असतं, तर दोन्ही कर्जं फिटून ३ लाख उरले असते. दोन लाखांच्या थकबाकीपायी आयुष्यभराची पुंजी अशी जाते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे.

उलट बँकेनेच घर विकलं, तर आधी खर्च, मग बँक, उरलं तर पतसंस्था. तिचं पूर्ण फिटलं नाही तर बाकी रक्कम कर्जदाराच्या डोक्यावर राहते आणि जामीनदाराच्या दारातही जाते.

आता वसुलीचे रस्ते. दुसरा धनको बँक असेल तर २००२ चा सरफेसी कायदा लागतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवलं. बँकेचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित होतं. पीककर्जाला हंगामांचा हिशेब असतो, घराच्या मासिक हप्त्याला तो नाही. धानावर जगणाऱ्या घराला फटका बसतो तो नेमका इथे. त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. ताबा घेतला गेला तर ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. भंडारा जिल्ह्यासाठी ते नागपूरला आहे. शेतजमिनीला मात्र सरफेसी लागत नाही.

पतसंस्थेला सरफेसी वापरता येत नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. पण तिच्या हाती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम १०१ आहे. निबंधक कार्यालय चौकशी करून वसुली दाखला देतं आणि त्यावर विशेष वसुली अधिकारी जप्ती करतो, तीही घराबरोबर शेताची. चौकशीची नोटीस रजिस्टर पोस्टाने येते आणि बरेचदा न उघडताच कोनाड्यात पडते. कृपा करून असं करू नका. व्याज जास्त लावलंय, भरलेल्या पावत्या जमा धरल्या नाहीत, हे सांगायची जागा तीच. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. २ लाख थकलेत तिथे १ लाख कुठून आणणार?

शेवटची वेळही दोन्हीकडे वेगळी. सरफेसीत २०१६ च्या दुरुस्तीनंतर विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच सगळी बाकी भरून घर सोडवता येतं. सहकारी वसुलीत लिलावानंतरही ३० दिवस असतात, पण थकबाकी आणि खर्चासोबत खरेदीदाराला बोलीच्या ५ टक्के द्यावे लागतात.

म्हणून हप्ता चुकणार हे दिसताच दुसऱ्या धनकोकडे आधी जा. चुकाऱ्याची पावती दाखवून हप्त्यांची फेरआखणी लेखी मागा. पहिल्या बँकेचे हप्ते वेळेवर असतील तर तिथे वाढीव कर्ज मागून दुसरं फेडता येतं का, हे खातं स्वच्छ असेपर्यंतच विचारून घ्या. काहीच जमत नसेल तर लिलावाची वाट न पाहता दोन्ही धनकोंच्या संमतीने घर स्वतः विका. एकरकमी तडजोड झाली तर बेबाकी दाखला घ्या आणि नमुना ८ वरचा बोजा कमी झाल्याचा नवा उतारा हातात आल्याशिवाय प्रकरण मिटलं असं समजू नका.

पुढच्या आठवड्यात जामीनदाराविषयी.